शंभर पौंडांचा वाटाड्या

ब्रिटनमध्ये गाडीची परीक्षा देणाऱ्याला ४ डिसेंबर २०१७ पासून एक नवी गोष्ट करून दाखवावी लागते. परीक्षक काचेजवळ सॅटनॅव्ह (उपग्रहांच्या मदतीने वाट सांगणारं यंत्र) लावतो आणि पुढे त्या यंत्राच्या सांगण्यावरून गाडी चालवायची असते. पाचांपैकी चार परीक्षार्थींच्या वाट्याला हे येतं, पाचव्याला रस्त्यावरच्या पाट्या वाचत जायला सांगतात. यंत्र परीक्षकच आणतो आणि ते महागडं नसतं. २०१७ मध्ये ते टॉमटॉम कंपनीचं ‘स्टार्ट ५२’ होतं, पाच इंची पडद्याचं, त्या कंपनीच्या स्वस्तातल्या मालिकेतलं. भारतीय लायसन्सवर इथे बारा महिने गाडी चालवता येते, पुढे इथली परीक्षा द्यावीच लागते. त्यामुळे पुण्या-नाशकाहून नोकरीला आलेल्या, फोनवरच्या नकाशाला सरावलेल्या बऱ्याच मराठी मंडळींची स्वतंत्र सॅटनॅव्हशी पहिली गाठ पडते ती या परीक्षेच्या निमित्ताने.

माझीही तशीच पडली. परीक्षा पास झाल्यावर असं एखादं यंत्र स्वतःसाठी घ्यावं का, यावरून मावशीशी वाद झाला. मावशी ऑस्वेस्ट्रीजवळ राहते, इंग्लंड आणि वेल्सच्या सीमेवर. मिरजेत नर्सिंग शिकून ती इकडे आली आणि निवृत्त होईपर्यंत डिस्ट्रिक्ट नर्स होती. डोंगरातल्या शेतघरांमध्ये जाऊन ड्रेसिंग करायचं, इन्शुलिन द्यायचं, म्हाताऱ्यांची चौकशी करायची, हे तिचं काम. मी रेडिंगला सॉफ्टवेअरमध्ये. तिचं म्हणणं, घे. माझं म्हणणं, फोन असताना कशाला?

“फोन रस्ता दाखवतो, पुढची कोंडी सांगतो आणि फुकट सांगतो,” मी म्हटलं. “शंभर पौंड घालून मी त्याच्याहून कमी अकलेची वस्तू का घ्यायची?”

“कारण तुझं लायसन्स नवं आहे. चालवताना हातात फोन दिसला की लायसन्सवर सहा पॉइंट आणि दोनशे पौंड दंड, हे सगळ्यांनाच. पण परीक्षा पास झाल्यापासून दोन वर्षांच्या आत सहा पॉइंट झाले की लायसन्सच रद्द. पुन्हा शिकाऊ परवान्यापासून सुरुवात. २०२२ च्या मार्चपासून नियम आणखी कडक झालाय. सिग्नलला उभी असताना फोन हातात घेऊन गाणं बदललंस तरी गुन्हा.”

“होल्डरमध्ये लावलेला चालतो की.”

“चालतो. होल्डरमधून काढलास की नाही चालत. आणि काढायचा मोह कधी होतो? रस्ता चुकला, मागून कोणी हॉर्न वाजवला, त्यातच आईचा फोन आला, अशा वेळी. सॅटनॅव्हवर आईचा फोन येत नाही.”

“हे माझ्या हातांबद्दल झालं, यंत्राबद्दल नाही.”

“गाडीतल्या यंत्राची किंमत हातांना सोडून कशी करणार? मी स्टिअरिंग धरून बसलेली असते तेव्हा ते मला किती वेळा हात लावायला लावतं, किती वेळा बघायला लावतं, हेच तर आधी बघायचं.”

हा मुद्दा मला पटला, पण यंत्राची तुलना यंत्राशीही व्हायलाच हवी होती.

“मावशी, उपग्रह दोघांना तेच. जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात, त्यांचा संदेश कोणालाही फुकट मिळतो, चार उपग्रह ऐकू आले की जागा ठरते. अमेरिकेने नागरी संदेशात मुद्दाम ठेवलेली चूक २००० सालच्या मे महिन्यात काढून टाकली, तेव्हा शंभरेक मीटरची गफलत दहा-बारा मीटरवर आली. गाडीतली यंत्रं खऱ्या अर्थाने उपयोगाची झाली ती त्यानंतर. आता स्वस्तातली चिपसुद्धा मोकळ्या आभाळाखाली काही मीटरच्या आत बरोबर असते. ‘अचूक जीपीएस’ असं खोक्यावर लिहिलेलं असलं तर त्याचे जास्त पैसे देऊ नयेत.”

“मग मी रजेवरून परत आले की पहिल्या दिवशी माझं यंत्र एवढा वेळ का घ्यायचं?”

“उपग्रह स्वतः नेमका कुठे आहे ते सेकंदाला ५० बिट इतक्या संथपणे सांगतो. एका उपग्रहाची ही माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा येते आणि काही तासांनी शिळी होते. यंत्र महिनाभर बंद असलं की त्याला सगळं नव्याने ऐकावं लागतं. ऐकता ऐकता तू झाडांखालून निघालीस आणि मधला तुकडा तुटला, की पुन्हा तीस सेकंद. फोन हीच माहिती मोबाईल नेटवर्कवरून क्षणात उचलतो. बघ, इथे फोन सरस ठरला.”

“नेटवर्क असलं तर.”

“आकाश त्यालाही दिसतंच. नेटवर्क नसलं तर तोही तेवढाच वेळ घेईल.”

“मग दोघं बरोबरीत. माझी रीत सांगते. सकाळी आधी यंत्र लावायचं, मग बॅग गाडीत ठेवायची, काचेवरचं दव पुसायचं. तोवर त्याला जागा सापडलेली असते. अंगणातून बाहेर पडताना यंत्र अजून शोधत असेल तर निघायचंच नाही. पहिलंच वळण चुकीचं लागतं ते यामुळे.”

थंडीतली आणखी एक गोष्ट तिने सांगितली, ती कुठल्याही जाहिरातीत वाचायला मिळत नाही. जुन्या आणि स्वस्त यंत्रांचा पडदा बहुधा दाबून चालणारा असतो. तो फोनच्या पडद्याइतका झरझर चालत नाही, नकाशा बोटाने सरकवायचा म्हणजे अडखळत सरकतो. पण लोकरीचे हातमोजे घालूनही त्यावर पत्ता टाइप करता येतो. जानेवारीत सकाळी सातला गाडीत बसणाऱ्या नर्सला याचं मोल कळतं. दुकानात ऊबदार दिव्यांखाली तोच पडदा आपल्याला मागासलेला वाटतो.

खरा वाद पेटला तो रस्त्यांवरून. ऑस्वेस्ट्रीच्या पश्चिमेला डोंगर सुरू होतात आणि तिथल्या गल्लीवजा रस्त्यांना ‘लेन’ म्हणतात. दोन्ही बाजूंना गाडीहून उंच झुडपांचे बांध, रुंदी एका गाडीपुरती, मधोमध गवताची पट्टी, आणि थोड्या थोड्या अंतरावर समोरच्याला वाट देण्यासाठी एखादी खोबण. वळणापलीकडून ट्रॅक्टर आला की कोणीतरी एकाने त्या खोबणीपर्यंत उलटं जायचं. इथल्या परीक्षेत गाडी मागे घेण्याचं कौशल्य बघतात ते काही उगाच नाही.

“या लेनवर वेगमर्यादा किती असते, सांग,” मावशीने विचारलं.

“वीस? तीस?”

“साठ. ताशी साठ मैल. वस्तीबाहेरच्या साध्या रस्त्याला कारसाठी देशभर जी मर्यादा आहे, तीच. तिथे पंचवीसच्या वर कोणी शहाणा माणूस जात नाही, पण कायद्याने साठ. आता यंत्राच्या जागी बस. हमरस्त्याने गेलं तर बारा मैल, साठची मर्यादा. लेनने गेलं तर नऊ मैल, साठची मर्यादा. तू कुठला रस्ता निवडशील?”

उत्तर उघड होतं. ‘सॅटनॅव्हने भलत्याच रस्त्याला घातलं’ अशी तक्रार ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं ऐकू येते, तिचं एक मोठं मूळ या हिशेबात आहे. यंत्राला रस्ता दिसत नाही. त्याच्या नकाशात रस्त्याच्या प्रत्येक तुकड्यापुढे एक लांबी आणि एक वेग लिहिलेला असतो, त्यांचा भागाकार करून ते कमीत कमी वेळाची वाट काढतं. वेगाचा आकडा कायद्याचा असेल तर लेन जवळची ठरते. लोक तिथून प्रत्यक्षात किती वेगाने गेले तो आकडा असेल, तर यंत्र मुकाट हमरस्ता धरतं. टॉमटॉमने २००८ च्या सुमारास ‘आयक्यू रूट्स’ या नावाने हा दुसरा मार्ग आणला. ग्राहकांच्या यंत्रांनी नोंदवलेल्या प्रवासांवरून आठवड्याच्या वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी कुठल्या रस्त्यावर खरा वेग किती असतो, ते काढून हिशेबात घेतलं. सुरुवातीला ही सोय वरच्या किमतीच्या यंत्रांत होती, मग खाली उतरली. बिननावाच्या चाळीस-पन्नास पौंडांच्या यंत्रात ती असेलच असं नाही, आणि खोक्यावरून ते ओळखताही येत नाही.

“म्हणून,” मावशी म्हणाली, “यंत्र हातात आलं की पहिल्यांदा त्याला अनोळखी ठिकाणी न्यायचंच नाही. आपल्या पायाखालच्या रस्त्यावर न्यायचं. जिथली प्रत्येक लेन मला ठाऊक आहे तिथलाच पत्ता घालायचा आणि बघायचं, दोन मिनिटं वाचवायला ते मला कुठे घुसवतंय. घुसवत असेल तर सेटिंगमध्ये ‘जवळचा रस्ता’ निवडलेला आहे का ते बघायचं. तो काढून ‘लवकरचा’ करायचा, कच्चे रस्ते टाळायला सांगायचं. तरीही घुसवत असेल तर पावती शोधायची.”

“फोन हे सगळं आधीच करतो. त्याच्यापाशी तर आत्ता या क्षणाचे वेग असतात.”

“असतात, आणि ए-५ वर अपघात झाला की तो सगळ्यांना एकाच वेळी त्या लेनमध्ये पाठवतो. वीस गाड्या इकडून, वीस तिकडून. मागे कोण जाणार?”

यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. हमरस्त्यावरची कोंडी आधी कळणं हे फोनचं सर्वांत मोठं बळ आहे आणि लंडनभोवतीच्या एम-२५ वर किंवा रेडिंगच्या एम-४ वर त्याला तोड नाही. स्वस्त सॅटनॅव्हला ही माहिती एकतर मिळतच नाही, नाहीतर ब्लूटूथने फोनला जोडल्यावर मिळते. फोन जवळ ठेवायचाच असेल तर वेगळं यंत्र कशाला, हा माझा प्रश्न तिथे अजूनही उभा आहे. पण तीच हुशारी डोंगरात उलटू शकते, हे मला मान्य करावं लागलं.

मग मी टॉडमॉर्डनचा विषय काढला. २००९ च्या मार्चमध्ये यॉर्कशरमधल्या या गावाजवळ एक बीएमडब्ल्यू सॅटनॅव्हच्या मागे मागे डोंगरातल्या पायवाटेवर चढत गेली आणि कड्याच्या तोंडाशी कुंपणाला अडकून थांबली. चालक वाचला.

“कोर्टात काय झालं माहितीय ना?” मावशी म्हणाली. “बेफिकीर चालवण्याबद्दल दोषी ठरला तो. यंत्राने सांगितलं, ही सबब चालली नाही. आणि चालूही नये. आम्ही नर्सा सलाईनच्या पंपावर आकडा दिसतो म्हणून पेशंटकडे बघायचं सोडत नाही. पंप बरोबर असतो, तरी दर वेळी हाताकडे बघतो, सूज आलीय का, लाल झालंय का.”

“पण मग यंत्र चांगलं की वाईट याने फरक काय पडतो? शेवटी सगळं चालकावरच.”

“फरक पडतो. वाईट यंत्र तुला सारखं स्वतःकडे बघायला लावतं. चांगलं यंत्र वेळेवर सांगतं आणि गप्प बसतं, म्हणजे तू रस्त्याकडे बघायला मोकळी.”

‘वेळेवर’ या शब्दापाशी आम्ही बराच वेळ रेंगाळलो. बरीच साधी यंत्रं आपली जागा सेकंदाला एकदा ठरवतात. ताशी ६० मैल म्हणजे सेकंदाला जवळजवळ २७ मीटर. एवढ्या अंतरात रस्त्याला फाटा फुटून मागेही पडतो. त्यात नकाशावर जागा बसवायची, पुढचं वळण बघायचं, वाक्य बोलायचं. प्रोसेसर मंद असेल तर ‘दुसरा एक्झिट घ्या’ हे आपण दुसऱ्या एक्झिटपाशी पोहोचल्यावर ऐकू येतं. आपल्याकडे चौक असतो, इथे राउंडअबाउट. श्रूजबरीच्या बाहेरून जाणाऱ्या रस्त्यावर ती एकामागून एक येतात आणि प्रत्येकाच्या आधी आपली लेन ठरवून सिग्नल द्यावा लागतो. तिथे एक सेकंद उशीर म्हणजे चुकलेलं वळण.

“आणि वळण चुकणारच,” मावशी म्हणाली. “माझ्या मते यंत्राची खरी परीक्षा तिथे सुरू होते. मुद्दाम चुकीचं वळण घे आणि बघ. काही यंत्रं लगेच नवा रस्ता काढतात. काही विचार करत राहतात, तोवर पुढचं राउंडअबाउट आलेलं असतं. काही हट्टी असतात. ‘मागे वळा, मागे वळा’ असं तीन-तीन मैल म्हणत बसतात. त्या लेनमध्ये गाडी वळवणार कुठे? नवशिक्या माणसाचा जीव घाबरतो आणि तो खरंच वळवायला जातो. असं यंत्र फुकट मिळालं तरी घेऊ नकोस.”

मला परीक्षेचा नियम आठवला. सॅटनॅव्हने सांगितलेलं वळण चुकलं म्हणून गुण जात नाहीत. चुकल्यावर घाबरून अचानक लेन बदलली, आरसा न बघता ब्रेक मारला, तर जातात. चुकीच्या रस्त्याने नीट चालवत राहिलात तर परीक्षक तुम्हाला परत मार्गावर आणून सोडतो. परीक्षा घेणाऱ्यांना जे हवंय तेच मावशी यंत्राकडून मागत होती, आणि माझ्या मते सॅटनॅव्ह निवडण्याचा याहून चांगला निकष नाही. रस्ता बरोबर असताना सगळीच यंत्रं चांगली वाटतात.

“बरं, तुझ्या यंत्राचा नकाशा कधीचा आहे?” मी विचारलं. माझा हुकमाचा एक्का हा होता. “फोनचा रोज बदलतो.”

“गेल्या महिन्यातला. वर्षातून चारेक वेळा कॉम्प्युटरला जोडून नवा घालते. रात्री लावून झोपते.”

“आणि घातला नाहीस तर? वेल्समध्ये काय झालं?”

ती हसली, कारण हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. १७ सप्टेंबर २०२३ ला वेल्सने वस्तीतल्या रस्त्यांची सर्वसाधारण वेगमर्यादा तीसवरून वीसवर आणली. ऑस्वेस्ट्रीहून काही मैलांवर सीमा, आणि सीमा ओलांडली की प्रत्येक गावात नवा आकडा. सॅटनॅव्हच्या कोपऱ्यात दिसणारी वेगमर्यादा रस्त्यावरच्या पाटीवरून येत नाही, नकाशातून येते. जुना नकाशा ‘३०’ दाखवत राहिला, पाट्या ‘२०’ म्हणत राहिल्या. पुढे काही रस्ते परत तीसवर आले, म्हणजे नकाशा पुन्हा बदलायला हवा. ज्याने डोळे मिटून कोपऱ्यातल्या आकड्यावर भरवसा ठेवला त्याच्या घरी पोलिसांचं पत्र यायचंच.

“म्हणून जुना नकाशा मी मुदत संपलेल्या औषधासारखा मानते,” मावशी म्हणाली. “बाटली छान दिसते, झाकण घट्ट असतं, पण द्यायचं नाही.”

“आणि ‘आयुष्यभर मोफत नकाशे’ म्हणतात त्यातलं आयुष्य कोणाचं, ते वाचलंयस का? तुझं नव्हे, यंत्राचं. कंपनीने ठरवलं की हे मॉडेल आता पुरे, की ते संपलं. टॉमटॉमने २०१८ मध्ये काही जुन्या यंत्रांचे नकाशे असेच थांबवले. पुढच्याच वर्षी ६ एप्रिलला जीपीएसचा आठवड्यांचा आकडा शून्यावर आला. उपग्रह आठवडे मोजतात ते दहा बिटांत, म्हणजे १,०२४ आठवडे झाले की पुन्हा पहिल्यापासून. नवं सॉफ्टवेअर न मिळालेल्या काही जुन्या यंत्रांच्या तारखा वीस वर्षं मागे गेल्या. पोहोचायची वेळ चुकली, काहींना जागा सापडेना. स्वस्त यंत्र मोडतं कमी, पोरकं जास्त होतं.”

हे तिला पटलं. “मग शंभर पौंड यंत्राचे समजू नकोस,” ती म्हणाली. “पाच-सहा वर्षांच्या नकाशांचे समज. तेवढी वर्षं मिळाली तर महाग नाही. आणि नुसता ब्रिटन-आयर्लंडचा नकाशा घे. सगळ्या युरोपचा घेतलास तर एवढ्याशा मेमरीत मावताना मारामार.”

तिचा शेवटचा मोठा मुद्दा पत्त्याचा होता, आणि तो ऐकल्यावर मी फोनची बाजू थोडी सैल सोडली. ब्रिटनमध्ये पोस्टकोड घातला की सॅटनॅव्ह दारात नेतं, असा शहरातल्या माणसाचा समज असतो. शहरात ते खरंही आहे. एका पोस्टकोडात सरासरी पंधराएक पत्ते, म्हणजे रस्त्याची एक बाजू. गावाबाहेर तीच पंधरा घरं मैल-दीड मैलात विखुरलेली असतात. यंत्र नेतं ते त्या पोस्टकोडच्या मध्यबिंदूपाशी, आणि तो ओढ्याच्या पलीकडच्या तीरावरही असू शकतो. घराला नंबर नसतो, नाव असतं, आणि नावाची पाटी वेलींनी झाकलेली. बिननावाच्या काही यंत्रांत तर पूर्ण पोस्टकोडही नसतो, कारण ती यादी रॉयल मेलकडून पैसे मोजून घ्यावी लागते. अर्धा पोस्टकोड घेणारं यंत्र इथे कुचकामी. दुकानात उभ्या उभ्या हे तपासता येतं. स्वतःच्या घराचा पूर्ण पोस्टकोड घालून बघायचा.

“पहिल्या भेटीला मी पेशंटलाच फोन करायची,” मावशी सांगत होती. “कुठल्या गेटातून आत यायचं, कुत्रा बांधलाय का. मग गेटापाशी गाडी थांबवून यंत्रात ‘आत्ताची जागा’ साठवायची. दुसऱ्या वेळी पोस्टकोड लागतच नाही, थेट गेट. मी रजेवर असताना माझ्या जागी दुसरी नर्स आली तर ती यंत्रावरच्या खुणेने त्याच गेटापाशी जायची.”

“नाव काय देऊन साठवायचीस?”

“पेशंटचं कधीच नाही. ‘निळं गेट’, ‘दुधाची टाकी’, ‘मोडका पूल’. काच फोडून यंत्र चोरणारे असतात ना. काचेवर रबरी कपाचं गोल वर्तुळ दिसलं की त्यांना कळतं, आत सॅटनॅव्ह आहे. म्हणून यंत्र काढलं की वर्तुळही पुसायचं. आणि ‘घर’ म्हणून स्वतःचा पत्ता घालायचा नाही, कोपऱ्यावरचा पेट्रोल पंप घालायचा. चोराच्या हाती गाडीही आणि घराचा पत्ताही, असं नको. फोनमध्ये मी पेशंटची घरं ठेवली नसती. तो कुठे काय पाठवतो ते मला दिसत नाही.”

“तुझं यंत्रही कॉम्प्युटरला जोडल्यावर प्रवासाच्या नोंदी पाठवतं. त्या खऱ्या वेगांची माहिती अशीच गोळा झाली.”

“आधी विचारतं. मी नाही म्हणते.”

एक प्रश्न दोन्ही बाजूंना सारखाच लागू होता: यंत्राच्या मागे जाताना आपली स्वतः वाट काढण्याची सवय सुटते का? लंडनच्या काळ्या टॅक्सीवाल्यांना चेअरिंग क्रॉसभोवतालच्या सहा मैलांतले सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. मेंदूतल्या जागेच्या स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग त्यांच्यात मोठा असतो, हे एलिनॉर मॅग्वायर यांच्या २००० सालच्या अभ्यासात दिसलं. २०१७ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या ह्यूगो स्पायर्स यांच्या गटाने लोकांना पडद्यावरच्या सोहोमधून फिरवलं. स्वतः वाट काढताना हिप्पोकॅम्पसमधली हालचाल वाढत होती, सूचनांप्रमाणे जाताना ती तशी वाढत नव्हती. मी हे मावशीला सांगितलं तेव्हा तिने फोन आणि सॅटनॅव्ह दोन्ही एका पारड्यात टाकले.

“म्हणून मला न हटकणारं यंत्र आवडतं. पहिल्यांदा जाताना चालू, परत येताना बंद. येताना मी खुणा बघत यायची, चर्च, टेलिफोनचा लाल डबा, वळणावरचं ओकचं झाड. फोन बंद करता येतो का तुला?”

“नकाशा बंद करता येतो.”

“करतेस?”

“नाही.”

आमचा वाद मिटला असं मी म्हणणार नाही. कोणी सल्ला विचारला तर मी हे सांगेन: शहरात आणि मोटरवेवर फोन, होल्डरमध्ये पक्का बसवलेला, नकाशा आधी उतरवून घेतलेला. लायसन्स नवं असेल, कामासाठी डोंगरात किंवा खेड्यांत जावं लागत असेल, फोन सारखा वाजत असेल, तर स्वस्त सॅटनॅव्ह घेण्यात शहाणपण आहे. मात्र पडद्याचा आकार आणि खोक्यावरची विशेषणं बघून नव्हे. पूर्ण पोस्टकोड, खरे वेग, चुकल्यावर लगेच सावरणं आणि पुढची काही वर्षं नकाशे मिळण्याची खात्री, यांतलं एक जरी नसेल तर पन्नास पौंडही जास्त आहेत. मावशीला यातला फोनचा भाग मान्य नाही. तिच्या मते नवीन माणसाने पहिली दोन वर्षं फोन गाडीत मागच्या सीटवरच ठेवावा.

मी रेडिंगमध्ये एक वापरलेलं यंत्र बघून ठेवलं आहे, चाळीस पौंडांचं. मावशीला त्याचं मॉडेल कळवलं. तिचा लगेच फोन आला, मी गाडीत नाही ना याची आधी खात्री करून घेतली तिने. “सेटिंगमध्ये जाऊन नकाशाची आवृत्ती बघ. कंपनी त्या मॉडेलला अजून नकाशे देते का ते पैसे देण्याआधी त्यांच्या यादीत शोध. विकणाऱ्याला सांग, त्याच्या खात्यातून यंत्र काढून टाक, नाहीतर तुझ्या खात्याला जोडताना अडेल. आणि घरी आणलंस की आधी सगळं पुसून कोरं कर. आधीच्या मालकाचं घर, त्याच्या मुलांची शाळा, सगळं त्यात असतं. ते तुझ्याजवळ राहता कामा नये.”